न पुसली जाणारी फाईल

बुलढाण्याच्या आमच्या कचेरीत युनिक्सचा संगणक आला, तेव्हा तो सांभाळायला नांदुऱ्याचे एक गृहस्थ आले. यंत्राच्या खोलीत शिरताना ते चपला बाहेर काढत आणि पडद्यावरचं प्रत्येक अक्षर पुटपुटत वाचत.

एकदा गावांच्या याद्या, म्हणजे दर गावाची एक फाईल, टाइप करताना माझ्या हातून एक चुकीची फाईल तयार झाली. तिचं नाव दिसायचं, पण तेच टाइप करून पुसायला गेलं की अशी फाईलच नाही, असं उत्तर यायचं. साहेब वैतागले. "सगळ्याच पुसा आणि पुन्हा टाइप करा," म्हणाले. चार महिन्यांचं काम होतं. मला रडूच आलं.

"काऊन रडता, ताई?" नांदुऱ्याचे गृहस्थ म्हणाले. "नाव देताना तुमचं बोट भलत्याच बटनावर पडलं. ते अक्षर डोळ्याले दिसत नाही. आता यंत्रालेच एकेक नाव दाखवून इचारायले लावू, पुसू का म्हणून."

मग यंत्र विचारत गेलं आणि ते प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं वाचून 'नाही' देत गेले. बीबी, नाही. दोनशेवर गावं झाली. चहा निवला, पण त्यांनी एकदाही घाई केली नाही. ती फाईल आली तशी ते खुर्चीतून उठले. "हे 'हो' तुम्हीच दाबा."

फाईल गेली. साहेबांनी दारातूनच विचारलं, "चूक कोणाची होती?"

"कोणाचीच नाही, साहेब. बटन अटकत होतं."

माझ्या कीबोर्डाचं एकही बटन अडकत नव्हतं. मी मान खाली घालून पुढच्या गावाची यादी टाइप करायला घेतली.