भरला नाय, फुगलाय

आज सकाळी जिममध्ये जे पाहिलं, ते सांगायलाच हवं.

माझा धाकटा भाऊ विशाल चार महिन्यांत लई भरला. दंड टी-शर्टच्या बाहीत मावत नाहीत, सगळे कौतुक करतात. आज बजाजनगरच्या जिममध्ये साठ किलोचा बार त्याच्या छातीवरच अडकला. दिवाळीआधी तोच बार तो हसत उचलायचा.

शेजारी सलीमचाचा व्यायाम करत होते. धान्याच्या मोंढ्यात पोती वाहतात, अंगानं किडकिडीत. त्यांनी बार अलगद काढला आणि विशालचा दंड अंगठ्यानं दाबला. “भरला नाय बेटा, फुगलाय. अंगात पाणी साचलंय. काय टोचून घेतो?”

विशाल हसत उठून बसला. दंडावर अंगठ्याचा खड्डा मात्र तसाच राहिला.

तुमच्या घरात कुणी असं झपाट्यानं भरलंय का? एकदा दाबून बघा.