फरक ऐकू येतो का?

दिग्रसला आमच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं गाणी रेकॉर्ड करायचो. मी गायची, आलेल्यांच्या गाण्यांचे शब्द नीट करून द्यायची, चहा करायची आणि संगणकावरचं इंग्रजी वाचायची. मिक्सिंगचं, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत नीट बसवायचं काम माझ्या नवऱ्याचं. लग्नाआधीपासून तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत असे. गणपती, देवी, लग्नाच्या वराती, पुसदपासून नेरपर्यंत सगळा पट्टा त्यानं पालथा घातला होता, आणि जिथे तिथे त्याची जागा मोठ्या स्पीकरच्या अगदी कडेला असायची. ते फिरणं नकोसं झालं तेव्हा ही खोली उभी राहिली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून ओळखीच्या कापसाच्या जिनिंग मिलमधून रुई आणली, गादीवाल्याकडून पातळ गाद्या भरून घेतल्या आणि भिंतींवर ठोकल्या. उन्हाळ्यात आत बसणं म्हणजे शिक्षाच, पण आवाज छान कोरडा, न घुमता यायचा.

आमच्याकडे भजनी मंडळं यायची, बंजारा तांड्यावरच्या बाया तीजेच्या सणाची गाणी घेऊन यायच्या, बियाण्याच्या दुकानांच्या जाहिराती असायच्या. सगळ्यांना तो सारख्याच आस्थेनं ऐकायचा.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची छोटी छोटी सॉफ्टवेअर असतात, त्यांना प्लगइन म्हणतात. एखादं पंख्याची घरघर काढून टाकतं, एखादं बंद खोलीतल्या आवाजाला देवळाच्या सभामंडपासारखा घुमारा देतं. दिवाळी झाली की त्यांच्या ऑफर सुरू होतात. मोठी किंमत खोडून खाली बारकी किंमत लिहिलेली, शेजारी उलटं पळणारं घड्याळ. मी भुलायची. तो हसायचा.

“अवं, हे घड्याळ उद्या पुन्हा पयल्यापासून सुरू होते. तू पायजो.”

आणि खरंच व्हायचं.

एखादं प्लगइन घ्यायचं की नाही हे ठरवायची त्याची पद्धत साधी होती. आधी ते फुकट वापरून पाहायच्या मुदतीत उतरवायचं. आपल्याजवळ आहे त्यानं तेच काम होतं का, हे पाहायचं. मग तो खुर्ची फिरवून संगणकाकडे पाठ करायचा आणि मला म्हणायचा, “लाव, काढ. मले सांगू नोको.” मी ते चालू करायची, बंद करायची, कधी दोनदा चालूच ठेवायची. तो डोळे मिटून ‘आता हाय’, ‘आता नाई’ म्हणत जायचा. तो चुकत नसे. पण बहुतेक वेळा शेवटी म्हणायचा, “फरक हाय, पन कामाचा नाई. स्वस्त हाय म्हनून कायले घ्याचं?” असं करत करत इतक्या वर्षांत आम्ही मोजकीच घेतली. त्यातलं पहिलं, घुमारा देणारं, घेताना तर त्यानं अख्खा उन्हाळा विचार केला होता.

मग केव्हातरी हे बदललं. नेमकं केव्हा, ते मला सांगता येत नाही. एका ऑफरमध्ये त्यानं एक प्लगइन घ्यायला लावलं, आवाजाला चमक आणणारं. मला वाटलं, पटलं असेल. मग तसंच दुसरं, तेही पाठ न फिरवताच. मग दहा प्लगइनचा एक गठ्ठा, त्यातलं एकच हवं म्हणून.

“आपल्याजवळ हाय ना असं,” मी म्हटलं.

“थे जुनं झालं. आवाज कसा दबल्यासारखा येऊन राह्यला. झांजायची वरची हवाच नाई त्यात.”

त्याला हेडफोन खराब झाले असं वाटलं, नवे आणले. मग स्पीकर बिघडले असं वाटलं, ते उघडून पुसले. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं आणि मग पुन्हा तेच, ‘दबलेलं हाय.’ मला मात्र त्याचं काम ऐकताना कानात काहीतरी बोचायचं. पण त्याच्या कानापुढे माझा कान काय, असं मी समजायची. घरी कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या आणि तो म्हणायचा, लक्ष नव्हतं.

नेरच्या भजनी मंडळाचे प्रमुख फार सौम्य माणूस. त्यांचा फोन आला तेव्हा ते आधी पीकपाण्याचंच बोलले. मग म्हणाले, “भाऊ, राग नोका मानू. यावेळी झांजा लय टोचून राह्यल्या. बाया म्हनतात, कान दुखतात.”

फोन स्पीकरवर होता. नवरा म्हणाला, “मोबाइलवर आयकलं असन तुमी.”

“नाई हो. मंदिरातल्या मोठ्या स्पीकरवर लावलं होतं.”

फोन ठेवल्यावर त्यानं ते भजन पुन्हा लावून ऐकलं. मग मला म्हणाला, नवीन एक आलंय, झांजांना मऊही करतं आणि चमकही ठेवतं. ऑफर आहे, घेऊन टाक.

त्या दुपारी मी पहिल्यांदा अडून बसले. म्हटलं, “पयले पाठ फिरवा. आयकून पाह्यू, मग घेऊ.”

त्यानं खुर्ची फिरवली. मी मंडळाचंच भजन लावलं आणि ते प्लगइन पूर्ण चालू केलं. झांजा अशा वर आल्या की मी मान मागे घेतली.

“नाई लावलं,” तो म्हणाला.

मी बंद केलं.

“आता हाय.”

पुन्हा चालू केलं. तो थांबला. डोळे मिटून थांबला. मग विचारलं, “लावलं का?”

एवढ्या वर्षांत त्यानं मला हे कधी विचारलं नव्हतं. मग त्यानंच खुर्ची वळवली. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. डावीकडे ढोलकीसारखे जाड आवाज, उजवीकडे झांजेसारखे बारीक. उजवी बाजू पार वर चढली होती, थरथरत होती. त्यानं ते पाहिलं. माऊस माझ्या हातून घेतला, बंद केलं, रेघ खाली आली. चालू केलं, वर गेली. त्यानं बटण आणखी फिरवलं. मला आता सहन होईना, मी कानावर हात ठेवले. तो माझ्या हातांकडे बघत राहिला.

“तुले एवढं आयकू येऊन राह्यलं?”

“हो.”

“मले काईच नाई.”

मी आवाज बंद केला. तो उठून अंगणात गेला आणि नळाखाली चेहरा धुतला. मी खोलीतच बसून राहिले. मला त्याच्यामागे जाववेना.

यवतमाळला कानाच्या डॉक्टरीणबाई आहेत असं कळलं. आम्ही दारव्हामार्गे एसटीनं गेलो. त्यांच्याकडे काचेची एक लहान खोली होती. त्याला आत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. मी बाहेर, तपासणाऱ्या मुलीच्या शेजारी. ती आवाज सोडायची तेव्हा यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. सुरुवातीला दिवा लागला की लगेच तो दाबायचा. मुलीनं अगदी लहान केलेला जाड आवाजही त्यानं पकडला, आणि मला उगाच आशा वाटली. मग ती बारीक आवाजांकडे गेली. दिवा लागला. तो बसून होता. दिवा विझला, पुन्हा लागला, मुलीनं आवाज वाढवला. काचेपलीकडे त्याचा अंगठा बटणावर तयार होता आणि नजर माझ्यावर. तो माझ्याकडे बघून जरासा हसला, अजून सुरू व्हायचंय ना, अशा अर्थानं.

डॉक्टरीणबाईंनी सांभाळून सांगितलं. मोठ्या आवाजाशेजारी इतकी वर्षं उभं राहिल्यानं आतल्या नसा झिजल्या आहेत, त्या भरून येत नाहीत. बोलणं कळावं म्हणून यंत्र लावता येईल. संगीताचं काम मात्र थांबवा, हेडफोन तर नकोच.

“कवापर्यंत?” त्यानं विचारलं.

त्यांनी टेबलावरचा पेन सरळ केला. मग तो म्हणाला, “या यंत्राची ट्रायल असते का, मॅडम? घरी नेऊन पाहाची?”

त्या म्हणाल्या, असते. मला रडू येत होतं आणि हसूही.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. दारव्हा सोडल्यावर म्हणाला, “त्यायची खोली चांगली हाय. आपल्या गाद्यायपेक्षा लय चांगली. मले वाटलं, किती शांतता हाय इथं.”

तो पंधरा दिवस यंत्र लावून पाहत होता. त्याचं मत पहिल्याच दिवशी झालं होतं. “जवळचं, दूरचं सगळं एकाच उंचीवर आनून ठेवते हे. ताटली वाजली तरी तेवढीच, मानूस बोलला तरी तेवढाच. असं प्लगइन म्या कधी घेतलं नसतं.” तरी घेतलं. बोलणं तर कळायला हवं.

मग एका रविवारी त्यानं मला संगणकापुढे बसवलं आणि जमवलेली सगळी प्लगइन एकेक करून उघडायला लावली. विकता येतील का, म्हणून मी चौकशी केली होती. ऑफरमधली बहुतेक दुसऱ्याच्या नावावर होतच नाहीत. आपण घेतलं, आपल्याबरोबरच गेलं. तो म्हणाला, मग काढून टाक, संगणक तरी हलका होईल. चमक आणणारी सगळी गेली. प्रत्येक काढताना मी त्याच्याकडे बघायची. तो मान हलवायचा. एकदाच म्हणाला, “म्या कानाचं औषध समजून घेत गेलो हे. दुकानच चुकलं.”

घुमारा देणारं ते जुनं उघडलं तेव्हा माझा हात थांबला.

“हे राहू दे,” तो म्हणाला. “तुह्या आवाजाले बसते.”

“तुमाले आयकू येते त्यात माहा आवाज?”

“म्या बसवलाय त्यात. मले मायीत हाय.”

आता मिक्सिंग मी करते. ढोलकी, डग्गा, खालचे आवाज तो सांगतो, आणि त्यात अजून त्याचा हात धरणारं कुणी नाही. बाकी मी माझ्या कानानं करते आणि ते त्याच्यासारखं होत नाही. नेरचं मंडळ आता रेकॉर्डिंगला अमरावतीला जातं. प्रमुखांनी ते स्वतः येऊन सांगितलं, चहा घेतला, आणि जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवून थोडे जास्तच थांबले. तांड्यावरच्या बाया मात्र अजून येतात. तो सकाळी चुलतभावाच्या कृषी केंद्रात बसतो. तिथे यंत्र लावावंच लागतं, शेतकरी औषधांची नावं भराभर विचारतात.

घरी आला की काढून डबीत ठेवतो. सुरुवातीला मला राग यायचा. दिवसभर गिऱ्हाइकांसाठी कान, आणि माझ्यासाठी नाही? एका संध्याकाळी तसं बोलूनही दाखवलं, अर्थातच ओरडून, कारण यंत्र डबीत होतं.

तो म्हणाला, “त्यातून तू बोलली का दुसरीच बाई बोलून राह्यल्यासारखं वाटते. असं, यंत्राबिना, हळू येते खरं, पन तू येते.”

त्याचा डावा कान जरा बरा आहे. म्हणून मी आता जेवताना त्या बाजूला पाट घेते आणि दिवसभराचं काय ते सावकाश, जाड आवाजात सांगते. सगळं पोचत नाही. न पोचलेलं तो विचारत नाही आणि मीही पुन्हा म्हणत नाही.