आंब्याच्या फळीचा लॅपटॉप

डिसेंबर २००४ मधल्या एका शनिवारी दुपारी, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या हॉलमध्ये, ज्यात लाकूड, अॅक्रिलिक आणि चांदी एवढंच होतं असा एक लॅपटॉप सुरू झाला. तो साधारण चार मिनिटं सुरू होता. त्या वेळी पेठेत लोडशेडिंग होतं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. मी तेव्हा एका दैनिकात वार्ताहर होतो. झपाटलेल्या घरांच्या दोन बातम्या मी केल्या होत्या. एका घरात घूस निघाली, दुसऱ्यात भाडं न देणारा भाडेकरू... म्हणून इथे फक्त पाहिलेलं लिहितो.

एका कॉम्प्युटर क्लासने ‘भविष्यातला लॅपटॉप’ अशी स्पर्धा ठेवली होती. एकच नियम कडक होता — नुसतं मॉडेल हवं, आत खरं मशीन सापडलं तर बाद. टेबलांवर कमरेला बांधायचा लॅपटॉप होता, छत्रीत बसवलेला होता, एक पोळपाटाएवढा गोल होता.

शेवटचं टेबल हुपरीच्या शुभांगीचं. वय एकोणीस. तिचे वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, घरातच चांदीचे पैंजण घडवायचे. तिच्या लॅपटॉपचा पडदा काळ्या अॅक्रिलिकच्या पट्ट्यांचा होता. पट्ट्या चांदीच्या कड्यांनी जोडलेल्या, म्हणजे पडदा पैंजणासारखा गुंडाळून पर्समध्ये मावावा. खाली आंब्याची फळी, तिच्याभोवती चांदीची पट्टी, आणि बटणांच्या जागी चांदीच्या टिकल्या. कड्या आणि पट्टी आप्पांनी अकरा दिवस बसून केली होती.

बापलेकीत ठरलं होतं, ते शुभांगीने न विचारताच सांगितलं. पहिल्या तिघांत नंबर आला तर पुण्याला डिझाइन शिकायला जायचं. नाही आला तर इचलकरंजीच्या स्थळाला होकार कळवायचा. आप्पा मागच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होते.

परीक्षक इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक होते. त्यांनी पडदा उलगडला आणि आतून छुमकन आवाज आला. हॉल हसला. खाली आखाड्यातली पोरं जोर थांबवून जिन्यात आली.

शुभांगी वडिलांकडे वळली. “आप्पा, ह्यात घुंगरू कुणी घालाय सांगितलतं?”

आप्पा उठून उभे राहिले. हुपरीत घडवलेला दागिना गिऱ्हाइकाला देण्याआधी कानाशी धरून वाजवून बघतात. हा वाजत नव्हता, म्हणून त्यांनी लेकीला न सांगता पट्टी बंद करताना आत एक घुंगरू टाकलं होतं.

“मुका माल आमी देत न्हाई, साहेब,” ते म्हणाले. “आणि मशीन उघाडलं की कळाय नको व्हय?”

परीक्षकही हसले. गमतीने त्यांनी एक टिकली दाबली. पडदा उजळला — फिकट निळा, सगळ्या पट्ट्यांवर सारखा — आणि डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आला. त्यांनी दुसरी दाबली. दुसरा ठिपका आला.

उन्हाची तिरीप असेल म्हणून मी खिडकीसमोर उभा राहिलो. फरक पडला नाही. आप्पा मला म्हणाले, “पावणं, तुमीबी दाबा की.” मी एक दाबली. मग आणखी चौघांनी दाबल्या. एकूण सात ठिपके झाले. आमच्या फोटोग्राफरने फ्लॅश न लावता एक फोटो घेतला.

परीक्षकांचं हसू तोपर्यंत मावळलं होतं. त्यांनी पडदा गुंडाळला, उजेड गेला. आत बॅटरीवरचं मशीन आहे, नियमाप्रमाणे हे मॉडेल बाद, असं ते म्हणाले. शुभांगीने आत काही नसल्याचं सांगितलं. मग उघडून दाखवा, असं उत्तर आलं. पट्टीला स्क्रू नव्हते. ती कापावीच लागणार होती.

“राहू दे, आप्पा,” शुभांगी म्हणाली. “अकरा दीस घातलायसा त्यात.”

आप्पांनी पिशवीतून पत्रा कापायची कात्री काढली. “पुण्याला जायाचं हाय न्हवं तुला? मग धर तिकडनं.”

तिने धरलं. त्यांनी पट्टी कापली, मग पडद्याची एकेक कडी. टेबलावर आंब्याची फळी, अॅक्रिलिकच्या नऊ पट्ट्या, टिकल्या आणि एक घुंगरू एवढं पडलं. परीक्षकांनी फळी उलटी करून पाहिली, ठोकून पाहिली, शेवटी वास घेतला. तार नव्हती, सेल नव्हता. “आंबाच आहे,” ते म्हणाले, आणि मॉडेल स्पर्धेत राहिलं.

निकाल अर्ध्या तासात लागला. पहिला नंबर छत्रीचा, दुसरा शुभांगीचा. आप्पांनी जिन्यातल्या पैलवानांसकट सगळ्यांना चहा सांगितला. इचलकरंजीला काय कळवायचं, असं कुणीतरी विचारलं. छत्रीवाल्याचं नाव सुचवा, आप्पा म्हणाले.

संध्याकाळी मी फोटो संपादकांपुढे ठेवला. त्यात पडदा निळा आहे, ठिपके सात आहेत. त्यांनी तो नीट पाहिला. “चालू लॅपटॉपचा फोटो,” ते म्हणाले. “यात बातमी काय?” फोटो छापला गेला नाही. तो माझ्याकडे आहे.

नंतर मी दोन इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना आणि एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना विचारलं. तिघांनीही आत काय होतं ते विचारलं. मी सांगितलं. तिघांनीही पुन्हा तेच विचारलं... याचं स्पष्टीकरण मला आजवर मिळालेलं नाही.

आप्पांनी कड्या पुन्हा जोडल्या. मॉडेल हुपरीत त्यांच्या कामाच्या खोलीत फळीवर आहे. रोज सकाळी ते एकदा उघडतात. ते पुन्हा उजळलेलं नाही.

शुभांगी पुढच्या जूनमध्ये पुण्याला गेली. २००८ मध्ये तिने पहिल्या पगारातून हप्त्यावर खरा लॅपटॉप घेतला आणि दाखवायला घरी आणला. त्या दिवशी मीही तिथे होतो. कुणी काही म्हणायच्या आत आप्पांनी तो उचलला, कानाशी धरला आणि हलवून पाहिला.

“मुका हाय,” ते म्हणाले, आणि तिला परत दिला.

जेवणं होईपर्यंत त्यांनी लॅपटॉपच्या बॅगेच्या चेनला एक घुंगरू बसवलं होतं. बॅग नंतर दोनदा बदलली. घुंगरू तेच आहे.