घरात बोलणारी अक्षरं

मी काढलेला फॉन्ट तुम्ही पाहिला असेल. नाशकात राहत असाल तर सुटका नाही. मुंबई नाक्यापासून सिन्नर फाट्यापर्यंत कुठल्याही चौकात मान वर करा, कुठल्यातरी दादांना त्याच अक्षरांत वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या असतात. परकाराने फिरवलेले गोल, पट्टीने ओढल्यासारख्या दांड्या आणि सगळं एकजात जाडजूड. धावत्या मोटरसायकलवरून वाचता यावं म्हणूनच मी तो तसा काढला. त्याचा मला गर्वही होता, खोटं कशाला बोलू.

ती अक्षरं पहिल्यांदा दाखवली मामांना. सिन्नरच्या कारखान्यात मशीनवर त्यांची उभी हयात गेली, पण आवाज कधी चढला नाही. मला चित्रकलेच्या कॉलेजात घाला, हे आईला त्यांनीच पटवलं, तेही असंच हळू बोलून. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. "लय भारी झालं," म्हणाले. "पण ही अक्षरं घरात कशी बोलतील गं? दारावर नाव लावायचं तर एखादं हळू बोलणारं काढ की."

म्हणजे त्याच घडणीचं बारीक वळण. निवृत्तीनंतर गावी बांधलेल्या घराच्या दारावर त्यांना ते हवं होतं. मी हो म्हणाले. पण जोडाक्षरांसकट शेकडो आकार नव्याने काढायचे, आणि गिऱ्हाइकं तर जाडच मागायची. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दर दिवाळीला मामा विचारायचे, "आलं का आमचं?" मी म्हणायचे, "येतंय." दार कोरंच राहिलं.

मागल्या हिवाळ्यात मामा गेले. मामेभाऊ म्हणाला, फ्लेक्स तुझ्याच अक्षरांत कर. माझ्याकडे जाडच तेवढी होती. गावच्या चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली' अशी झळकली, की लांबून वाढदिवसच वाटावा. मला स्वतःची लाज वाटली.

उन्हाळ्यात अवकाळी पाऊस आला तेव्हा मामेभावाने तोच फ्लेक्स कांद्यांवर टाकला. आमच्याकडे जुने फ्लेक्स असेच कामी येतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मी पोहोचले तर मामी एकटीच तो ओढून उलटा करत होती, फोटो आणि अक्षरं खाली. "ह्यांचं तोंड भिजाया नको," म्हणाली. मी दुसरं टोक धरलं.

घरी येऊन बारीक वळण काढायला बसले. सगळं नाही, मामांच्या नावापुरतं. त्यांनी मागितलं होतं ते तेवढंच. शेकडो आकारांच्या नावाने मी रडत राहिले आणि लागणार होती मोजकी चार-पाच अक्षरं. आठवड्याच्या आत झाली, हेच आता सलतं.

कागद घेऊन मामीकडे गेले. तिने तो उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"बारीक हाय गं. मला नाय दिसत," म्हणत तिने तो माझ्या हातात दिला. "तूच वाच."

संसार सरला तरी तिने जे कधी तोंडाने घेतलं नव्हतं, ते नाव मी वाचलं.

"अजून एकदा वाच," ती म्हणाली.