जीपमधून वाचता येईल एवढंच

मंठ्याला स्टँडसमोर माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पत्रकं, फ्लेक्स, आणि हल्ली दुकानदारांना मोबाइलवर टाकायला लागतात त्या जाहिराती. जाहिरातीतली वरची ठळक ओळ मी लिहितो. गिऱ्हाइकं तारीफ करतात, पण त्यातली एकही धड ओळ माझ्या एकट्याची नाही. मी लिहायचो आणि माझा मित्र तोडायचा.

तो आमचा डिझाइनर. घरी उर्दू बोलणारा, आधी पाट्या रंगवायचा, मग कॉम्प्युटर शिकला. त्याची खुर्ची खिडकीपाशी. मी पडलो पाल्हाळ लावणारा माणूस. पाणी मागायचं तरी आधी उन्हाळ्याची चौकशी करतो. माझा मजकूर हातात आला की तो कपाळाला हात लावायचा.

"असल बात आखरीला काहून लिहितो रे तू? लाजतो का काय?"

एकदा विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाची जाहिरात आली. मी झोकात लिहिलं : 'अनुभवी कारागिरांकडून जळालेल्या सर्व प्रकारच्या मोटारींची खात्रीशीर व तत्पर दुरुस्ती, सकाळी दिलेली मोटार संध्याकाळी परत.' मित्रानं ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे ब्रशनं उतरवलं, दुकानाच्या दारावर टांगलं आणि रस्त्यात जाऊन उभा राहिला. आमच्यासमोरून जीपा जातात आणि पुढच्या कोपऱ्यावर आणखी माणसं कोंबायला थांबतात. तो तिथं गेला आणि खिडकीशी बसलेल्या एका बाईला विचारलं, "मावशी, मागं त्या दुकानावर काय लिहिल्तं?"

बाई म्हणाली, "काय की बाप्पा. सकाळी मोटार द्या, संध्याकाळी न्या, असं कायतरी."

तो हसत परत आला. "लिही. मावशीनं लिहून दिलं बघ."

तीच ओळ छापली. त्या माणसाकडे मग मोटारी ठेवायला जागा पुरेना. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. कागद टांगायचा, जीप जाऊ द्यायची, आणि कोपऱ्यावरच्या माणसाच्या ध्यानात जे राहील तेवढंच ठेवायचं. बाकीचं सगळं माझं असायचं आणि ते केरात जायचं.

मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. एकेका शब्दावरून आम्ही कचाकचा भांडायचो. 'विश्वसनीय' हा शब्द त्यानं कापला म्हणून मी दोन दिवस अबोला धरला होता. चहा मात्र दोन्ही दिवस दोघांचाच मागवला.

मग त्याचे डोळे अधू झाले. स्क्रीनसमोर बसलं की पाणी यायला लागलं. त्याचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे, तो घेऊन गेला. जाताना मित्र म्हणाला, "ऑपरेशन झालं की येतोच मी. खुर्चीवर कुणाला बसू देऊ नको." याला आता दोन वर्षं झाली. ऑपरेशन कधीच झालं, अक्षरं मोठी करून मोबाइल वाचतो म्हणे. नातवंडांत रमलाय, चांगलंच आहे.

खुर्चीवर मी कुणाला बसू दिलेलं नाही. गिऱ्हाईक आलं की स्टूल पुढे करतो.

हल्ली मला कुणी अडवत नाही. मागच्या महिन्यात एका भांड्याच्या दुकानासाठी मी चांगला दोन ओळींचा ठळक मजकूर लिहिला, त्यात 'परंपरा'ही आली आणि 'नावीन्य'ही आलं. मालक खूश. मी फ्लेक्स लावायला गेलो, समोरून जीप गेली, आणि आतल्या एकाचीही मान वळली नाही. त्या दिवशी मला त्याची इतकी आठवण आली की दुकानात येऊन मी पंखा न लावताच बसून राहिलो. शिव्या द्यायला तरी तो हवा होता.

परवा मन घट्ट करून त्याला मेसेज लिहिला. पुष्कळ खाडाखोड केली. शेवटी पाठवला तो असा : 'दुकान नीट चालू आहे. स्टँडसमोरचा रस्ता रुंद झाला. खिडकीला नवा पडदा लावलाय, तुझ्या खुर्चीवर आता ऊन येत नाही. डोळ्यांना जप. सहज लिहितोय, काम काही नाही. जमलं तर ये. घाई नाही.'

दिवसभर उत्तर नाही. मी मोबाइल पालथा ठेवायचो आणि पुन्हा सुलटा करायचो. दुपारी लग्नपत्रिकेत नवरीच्या मामाचं नाव गाळलं, त्यावरून बोलणी खाल्ली.

संध्याकाळी उत्तर आलं. वर लिहिलं होतं, 'फिरून आखरीला लिहिलं तू. सुधरून पाठवतो.' खाली माझाच मेसेज होता, त्यानं तोडलेला. रस्ता गेला, पडदा गेला, ऊन गेलं. 'जमलं तर' गेलं आणि 'घाई नाही' पण गेलं. एकच शब्द ठेवला होता.

'ये.'

कितीतरी वेळ मी तो शब्द बघत राहिलो. बरोबर तोडलं होतं त्यानं. मला तेवढंच म्हणायचं होतं.

येतो की नाही, ते मात्र त्यानं लिहिलं नव्हतं.