डिस्कमध्ये अजून जागा आहे

रायपुरातल्या आमच्या गोतावळ्यात असं एकही लग्न, मुंज किंवा बारसं झालं नसेल, जे आमच्या मोठ्या साडूंच्या तावडीतून सुटलं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे अकोल्याकडचे, रेल्वेत स्टेशन मास्तर होते, निवृत्तीनंतर पुरानी बस्तीतच राहिले. नोकरीत असतानाच त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि पाठोपाठ, कॅमेऱ्यातलं चित्र घरच्या घरी डीव्हीडीवर उतरवणारं एक यंत्र आणलं. तेव्हापासून नातेवाइकांना देवाच्या खालोखाल भीती वाटत असेल तर ती साडूंच्या कॅमेऱ्याची. सदर बाजारातून एका भाच्याची वरात चालली होती, तेव्हा घोडीनं कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही म्हणून त्यांनी वरात मागे घेतली. मागे स्कूटरींची ही रांग लागली, बँडवाले तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून कंटाळले, सराफ दुकानाबाहेर येऊन बघायला लागले. साडू घोडीला सांगत होते, "इकडं पाह्य ना माय, एकदाच तर लगन होऊन राहिलं!" घोडीचं नव्हे, भाच्याचं, पण घोडीनं पाहिलं बरं का.

बरं, मुकाट्यानं चित्र घेतील तर ते साडू कसले? कॅमेरा चालू झाला की त्यांचं तोंडही चालू होतं. मंगलाष्टकं चालू असतात आणि वर साडूंचा आवाज येतो, "हे नवरीचे मामा. चश्मा नवा आहे. हे मागचे कोण आहेत, मले माहीत नाही, पण जेवून जातीन." पंगतीवर त्यांचा विशेष जीव. तोंडात घास कोंबलेला माणूस दिसला की ते नेमके तिथेच थांबतात. आमच्या सगळ्या सासुरवाडीची तोंडं अशी गाल फुगलेल्या अवस्थेत कायमची नोंदली गेली आहेत. भरलेल्या डिस्का ते पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवतात, कारण धूळ जात नाही. ताई, म्हणजे माझी मेहुणी, पोळ्या मात्र पातेल्यात झाकून ठेवते. पाहुण्या बाईनं हौसेनं डबा उघडला, तर आत चार लग्नं आणि एक सत्यनारायण निघतो.

मी कचेरीत संगणकासमोर बसतो, एवढ्यावरून मला संगणकाच्या पोटातलं सगळं कळतं असा सासुरवाडीचा समज आहे. त्यामुळे साडूंची डिस्क चालली नाही की फोन मला येतो. आणि साडूंची डिस्क कधीच चालत नाही. पहिल्या काही डिस्कांवर त्यांनी शुभ म्हणून कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, तेही चकचकीत बाजूला. ते मी पुसलं, डिस्का तरीही चालेनात. वायर बदलून पाहिली, दुसऱ्या संगणकात घालून पाहिली, मऊ फडक्यानं मधून बाहेर अशी अलगद पुसून पाहिली. संगणक आपला एकच पालुपद लावायचा, की डिस्क रिकामी आहे. साडू संतापायचे. "रिकामी? अख्खी मुंज आहे तिच्यात! बटूचा मामा रुसला तो बी आहे!" शेवटी एका नातेवाइकानं आपल्या लग्नाची डिस्क गच्चीवरच्या मिरचीच्या रोपांवर पाखरं हाकलायला टांगली. ती तिथे छान चालते, असं तो म्हणतो.

खरं कारण मला फार उशिरा सापडलं. असल्या घरगुती यंत्रात डिस्क भरून झाली की शेवटी एक काम करायचं असतं. यंत्राला सांगायचं, की आता झालं, ही डिस्क बंद कर. तेवढं केलं की ती कुठेही चालते. नाही केलं, तर फक्त ज्या यंत्रानं भरली त्यालाच ती वाचता येते, बाकीच्यांना कोरी दिसते. साडूंनी आयुष्यात एकही डिस्क बंद केली नव्हती. मी कपाळाला हात लावला. ते शांतपणे म्हणाले, "मले माहीत आहे ते. पण बंद केल्यावर तिच्यात काही टाकता येत नाही ना! आणि जागा असते अजून."

"अहो, लग्न झालं, पाहुणे गेले. आता काय टाकायचं राहिलं?"

"साडभाऊ, मी जिंदगीभर गाड्या पास केल्या. गाडीच्या शेवटच्या डब्यावर पाटी असते. ते पाटी डोळ्यानं दिसल्याबिगर पूर्ण गाडी गेली, असं म्हणायचं नाही. अर्धी गाडी मागे तुटून राहिली असली तर?" मी डिस्क पुन्हा डब्यात ठेवली. मी रेल्वेत नव्हतो.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, ते परवा त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली तोवर. मुलगी झाली, दोघी सुखरूप, समता कॉलोनीतला छोटा हॉल बारशासाठी ठरला. आता, बारसं म्हटलं की पाळणा ताईचा, हे आमच्याकडे ठरलेलं. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका तिला बोलावून न्यायच्या. ज्या बाळाचं बारसं त्याचं नाव गुंफून ती स्वतः पाळणा रचायची, आणि गळा असा, की रडणारं पोर तर गप्प होईच, पण भांडत असलेले व्याहीसुद्धा गप्प होत. मधे ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. बोलते, पण घोगरं आणि चिरकत. त्यानंतर तिनं पाळणा काही म्हटला नाही. कोणी आग्रह केला की म्हणते, "फुटकं मडकं कशाले वाजवता?"

मुलीनं हट्टच धरला. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. "मम्मी का पालना नहीं होगा तो मेरे को करना ही नहीं बारसा," असं म्हणून ती रडायलाच लागली. बाकीच्या बारशांच्या डिस्का रिकाम्या समजून ज्यानं त्यानं टाकून दिल्या होत्या; ताईचा जुना पाळणा एकाच ठिकाणी उरला होता, तो म्हणजे माझ्या मुलाच्या बारशाच्या डिस्कमध्ये. आणि ती हॉलमधल्या संगणकावर लागायची तर आधी बंद व्हायला हवी होती.

मी पुरानी बस्तीत गेलो. साडूंनी डबा उघडला, यंत्रावरचं विणलेलं आच्छादन काढलं, अडकलेला खण ताईच्या उलथण्यानं उघडला आणि डिस्क लावली. माझ्या मुलाच्या बारशातला माझा मुलगा मी प्रथमच पाहणार होतो. पण दिसला फक्त त्याचा एक पाय. बाकी सगळा वेळ कॅमेरा ताईवर. ताई पाळण्याची दोरी धरून गात होती, आणि काय सांगू, इतक्या वर्षांनी ऐकूनही अंगावर काटा आला. मग एकदम लक्षात आलं, की काहीतरी चुकतंय. साडूंचा आवाजच नव्हता! चश्मा नाही, मामा नाही, जिलबी नाही. अख्खा पाळणा होईपर्यंत हा माणूस कॅमेऱ्यामागे गप्प उभा होता.

टीव्हीवर लागलेलं मोबाइलवर टिपून घेऊ, असं मी सुचवलं आणि करूनही पाहिलं. ऐकल्यावर मुलगी म्हणाली, "मौसाजी, इसमें तो कुकर गा रहा है." तेव्हा मी साडूंना म्हटलं, की हे खिळखिळं यंत्र हॉलवर न्यायची सोय नाही, आता दुसरा उपाय नाही, डिस्क बंद करा.

"नाही."

"अहो, लेक रडून राहिली तुमची!" मीही चिडून वऱ्हाडीवर आलो.

"रडून राहिली म्हणूनच नाही म्हणतो. या पाळण्यात नाव तुमच्या पोट्ट्याचं आहे. बारसं माझ्या नातीचं आन् नाव तुमच्या पोट्ट्याचं, असं असते काय?" मग त्यांनी ताईकडे पाहिलं. "जागा आहे अजून. तू म्हण. मग करतो बंद."

ताई म्हणाली, "माझा आवाज ऐकला का तुम्ही कधी? लोक हसतीन."

"गाडी उशिरा आली म्हणून स्टेशनात घेत नाही काय आपण?" साडू म्हणाले. "मी तर घेतली आहे सगळी जिंदगी."

ताईनं पदराचं टोक कमरेला खोचलं. मग मुलीला म्हणाली, "आण तिले इकडं." जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी कधीच मेली होती, वायरीनं यंत्राला जोडला तरच तो चालायचा. म्हणून पाळणाच ओढत यंत्राजवळ आणला. नाव बारशाआधी फुटू द्यायचं नाही, म्हणून मला ओसरीवर हाकललं. दाराबाहेरून मला ऐकू आलंच. पहिली ओळ नुसती चिरकली. ताई थांबली. आता ही उठणार, असं मला वाटलं. पण तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं, खालच्या पट्टीत, सावकाश, बोलल्यासारखं. कडव्यांच्या मधे दम घेताना ती थांबायची, आणि त्या थांबण्यात घरात कोणीही काही बोलत नव्हतं. साडूसुद्धा. ओसरीवर उभ्या उभ्या माझेच डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

आत गेलो तेव्हा साडू कॅमेरा बाजूला ठेवून चष्मा पुसत होते. मला म्हणाले, "दिसली पाटी." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं. यंत्र कितीतरी वेळ घरघरत राहिलं, आम्ही सगळे त्याच्यासमोर बसून राहिलो. मी ती डिस्क माझ्या संगणकात घातली. पहिल्याच दमात लागली.

बारशाच्या दिवशी आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि हॉलच्या पडद्यावर ताई आली. आधी तो जुना, तुपासारखा आवाज. बायका माना डोलवायला लागल्या. तो संपला आणि लगेच दुसरा लागला, घोगरा. चित्र थोडं हलत होतं. ताईनं मान खाली घातली. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं ओळ उचलली, मग दुसरीनं, आणि नातीचं नाव आलं तेव्हा अख्खा हॉल गात होता. ताईनंही पाळण्याची दोरी हातात घेतली आणि घोगरेपणानं, सगळ्यांच्यात मिसळून, गायला लागली.

साडू माझ्या शेजारी खुर्चीवर बसले होते. कॅमेरा नसल्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं; कधी मांडीवर ठेवत, कधी खिशात घालत. ताईवरची नजर मात्र हलली नव्हती. गाणं संपायच्या आधीच ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "साडभाऊ, कोरी डिस्क भेटते काय हो अजून कुठं? इच्यात आता जागा नाही."