मास्तरांचं बंद पडलेलं इंजिन

उड्डाणशाळेत त्यांना सगळे मास्तर म्हणत. दोन माणसांच्या चिमुकल्या विमानात शेजारी बसून शिकवायचं, संध्याकाळी दोन खोल्यांच्या घरी जाऊन एकट्यापुरतं काहीतरी शिजवायचं, आणि मनातलं म्हणून अवाक्षर काढायचं नाही, असा त्यांचा खाक्या. बायको शेवटी कंटाळून मुलाकडे राहायला गेली. "तुमच्या मनातलं ओळखायला मी काय ज्योतिषी आहे?" हे तिचं जाता जाताचं वाक्य. मास्तरांनी तिची बॅग खाली नेऊन दिली. 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं, ते जिभेवर येऊन राहिलं.

शिकवण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. उडता उडता मध्येच ते थ्रॉटल मागे ओढून इंजिनाचा जोर काढून घेत आणि म्हणत, "गेलं इंजिन. आता?" शिकणाऱ्याने वेग सांभाळायचा, खाली मोकळं शेत हेरायचं. खटक्यांना नुसता हात लावायचा आणि काय करणार ते तोंडाने म्हणायचं. खरंच काही फिरवायचं नाही. शेत जवळ आलं की मास्तर जोर परत देत.

त्या सकाळी शेजारी पोस्टमनची मुलगी होती. तोंडाला कुलूप म्हणून नाही. मास्तरांना तिची बडबड आवडायची, कारण दिवसभरात त्यांच्याशी बोलणारी ती एकटीच. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

"गेलं इंजिन. आता?"

"वेग सांभाळला, मास्तर. ते कापणी झालेलं शेत धरते. पेट्रोलची टाकी बदलली..." ती खटक्यांना हात लावत बोलू लागली. मास्तरांनी सवयीने थ्रॉटल जरा पुढे सारून पाहिलं, पण जोर आला नाही. इंजिन खरंच बंद पडलं होतं. पुढचा पंखा वाऱ्यानेच फिरत होता, म्हणून तिला पत्ता नव्हता.

सांगितलं तर पोरगी हातपाय गाळेल. मास्तरांनी गप्प बसायचं ठरवलं. तिने हात लावलेला प्रत्येक खटका त्यांनी हळूच खरोखर फिरवून पाहिला. इंजिन ढिम्म. रेडिओवर मदत मागितली तर तिला कळणार, म्हणून तीही मागितली नाही.

"मास्तर, झाडं जवळ आली. जोर द्या ना आता!"

"आज नाही. आज उतरायचं. तूच उतरव."

तिने उतरवलं. चाकं ढेकळांवर आदळली, विमान गचके खात गेलं आणि कुंपणाच्या अलीकडे थांबलं. पंखाही थांबला. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"खरंच गेलं होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मास्तरांना वाटलं, आता रडेल, नाहीतर आभार मानेल. ती भडकली. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"घाबरली असतीस."

"मग घाबरले असते! तुम्ही नाही घाबरलात?"

मास्तरांनी 'छे' म्हणायला तोंड उघडलं. पण थ्रॉटल अजून त्यांच्या मुठीत घट्ट आवळलेलं होतं, आणि ते तिने पाहिलं.

"आत दोघं होतो ना हो आपण," ती हळू आवाजात म्हणाली. "एकटेच का घाबरत बसलात?"

ती उतरली आणि घरी फोन लावत रस्त्याकडे निघाली. पट्टा न सोडता मास्तर बसून राहिले. ती पार शेताच्या टोकाला पोचल्यावर ते शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाले, "फार घाबरलो होतो गं."